ओडियात आई म्हणजे आजी

मला ओडिया शिकवणाऱ्या माउसींनी वहीत शब्द लिहिला आणि मी उत्साहाने म्हटलं, "हा तर आमचाच!" शब्द होता आई. माउसी चष्म्यावरून माझ्याकडे बघून हसल्या. ओडियात आई म्हणजे आईची आई. आजी.

मी पेन खाली ठेवलं. बारा वर्षं जो शब्द स्वतःसाठी ऐकायची वाट बघितली तो एकदाचा ऐकायला मिळणार, आणि हाक मारणारीच्या, म्हणजे आम्ही दत्तक घेतोय त्या चिमीच्या, डोक्यात त्याचा अर्थ आजी असणार. त्यात माझे केस पंचेचाळिशीतच निम्म्याहून पांढरे झालेत, म्हणजे तिला शंका यायचंही कारण नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो सोफ्यावर आडवा होऊन हसला. त्याचं सोपं आहे. बापाला ओडियात बापाच म्हणतात.

"मग मा म्हणायला शिकव की," असं मला दोघातिघांनी सुचवलं. मा आहे तिच्याकडे. संस्थेत रात्रपाळीला ज्या बाई असतात त्यांना तिथली सगळी मुलं मा म्हणतात. ती जागा रिकामी नाही.

जे पहिल्यांदाच वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही दोघं मूळचे वाईकडचे, सतरा वर्षं अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. तो अमेरिकन नागरिक आहे, मी अजून भारतीय पासपोर्टवर. चिमी साडेतीन वर्षांची आहे आणि ओडिशातल्या एका संस्थेत राहते. चिमी हे तिचं खरं नाव नाही. संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करायची नाही हे बाल न्याय कायद्यातच आहे, आणि कायदा नसता तरी मी केली नसती. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "एक तरी फोटो टाक गं, आम्ही काय परके आहोत का" हे रोज चालू असतं. मी रोज हात जोडलेली बाहुली पाठवते.

या सगळ्याचं मूळ माझ्या जन्मदाखल्यात आहे. १९८० साली गावच्या ग्रामपंचायतीत माझा जन्म नोंदवला तो नावाशिवाय. नुसतं 'स्त्री'. बारशाच्या आधीच नोंद करून माणसं मोकळी व्हायची. शाळा, पासपोर्ट, लग्न, कशालाच ते नडलं नाही, दत्तकाच्या फायलीला नडलं. भावाने ग्रामपंचायतीत चकरा मारल्या, प्रतिज्ञापत्रं केली, नाव चढवून नवा दाखला काढला, त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) घेतलं. यात पाच महिने गेले. आणि तेवढ्यात, सप्टेंबर २०२२ मध्ये, भारतातले दत्तकाचे नियम बदलले. आधी चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ९० पर्यंत चालायची. नव्या नियमात दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ वर आली, दोन ते चारसाठी ९० राहिली. आमची नोंदणी नोव्हेंबरात झाली. मी ४२, हा ४४. बेरीज ८६.

एका वर्षाने तान्हं बाळ हुकलं. मैत्रिणीने दिलेला पाळणा गॅरेजमध्ये होता तो आम्ही परत नेऊन दिला. येताना गाडीत मी गावच्या त्या कारकुनाला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आज हिशेब केला तर चिमी तेव्हा सहा महिन्यांची असणार. 'असणार' म्हणते कारण तिची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली आहे. माझ्या दाखल्यावर नाव नव्हतं, तिच्या फायलीत तारीख अंदाजे. कागदांच्या बाबतीत मायलेकी एका माळेच्या आहोत.

होम स्टडी म्हणजे घराची आणि आपली झडती. सोशल वर्कर बाई फार गोड होत्या, पण त्यांनी पर्समधून थर्मामीटर काढून आमच्या नळाखाली धरला. गरम पाणी १२० फॅरनहाइटच्या वर नको. आमचं १३१ निघालं. बंदूक आहे का घरात, विचारलं. नवरा म्हणाला, "दिवाळीतली होती." हा विनोद इंग्रजीत होत नाही हे त्याला सांगून सांगून मी थकले. मग दोघांना वेगवेगळं बसवून लहानपणाबद्दल विचारलं. चुकलात तर घरी काय शिक्षा व्हायची? मी खरं सांगितलं, अण्णांच्या हातचा फटका आणि कोंडून ठेवायची धमकी. बाईंनी लिहून घेतलं. रात्रभर मला वाटत राहिलं की अण्णांची चुगली केली मी, आणि तीही ते गेल्यावर.

बोटांचे ठसे हा तर स्वतंत्र विषय आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशनची मंजुरी १५ महिने टिकते आणि आमची वाट त्याहून लांबली, त्यामुळे मुदतवाढ, परत ठसे, परत मुदतवाढ. मी औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर हात धुऊन आणि स्पिरिट चोळून माझे ठसे झिजलेत, मशीन ते घेतच नाही. तिथल्या माणसाने शेवटी माझा अंगठा आपल्या दोन बोटांत धरून काचेवर हळूच लोळवला, लाटणं फिरवावं तसा.

पैशांचं एकदाच सांगते, कारण लोक आडून विचारतात. परदेशात जाणाऱ्या मुलासाठी भारतातल्या संस्थेला ५,००० डॉलर द्यायचे, हे सरकारी नियमात छापलेलं आहे. बाकी इथली एजन्सी, कागदपत्रं, विमान. "म्हणजे एकूण केवढ्याला पडली?" असं एका ओळखीच्या गृहस्थांनी चहा पिता पिता विचारलं. त्यांना मी पुन्हा चहाला बोलावलेलं नाही.

यंदाच्या जूनमध्ये दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर चिमीची माहिती आली. मूल राखून ठेवायला मोजके तास मिळतात, आणि मग स्वीकारल्याची सही तीस दिवसांत करायची. दोन अहवाल असतात, एक मुलाचा, एक वैद्यकीय. उंची, वजन, डोक्याचा घेर, लसी. इथल्या डॉक्टरांनी डोक्याच्या घेरावरच सगळ्यात जास्त वेळ घालवला, तक्त्यावर ठिपके काढून. 'केळं आवडतं. कुत्र्याला घाबरते.' आणि मग एक ओळ होती, तिचा अर्थ असा की मूल शांत आहे, त्रास देत नाही.

सासूबाईंना ती ओळ फोनवर वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, "गुणाची आहे गं पोर." माझ्या मात्र पोटात गोळा आला. आमच्यासारख्यांना दहा तासांचं प्रशिक्षण सक्तीचं असतं. त्यात एका बाईंनी समजावलं होतं की संस्थेतलं मूल रडत नाही तेव्हा खूश होऊ नका. रडल्यावर कुणी येतं हे ज्याला ठाऊक असतं तेच मूल रडतं. वीस मुलांमागे दोन बायका असतील तर त्या तरी कुणाकुणाकडे धावणार? मी वहीत त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. आता ते वाक्य एका केळं आवडणाऱ्या मुलीला लागू झालं.

सगळ्यांना एकच वाक्य बोलायचं असतं. नशीब काढलं पोरीनं. मावशी, काका, वाईची शेजारीण, इथल्या मंडळातले लोक, सगळे. प्रेमाने म्हणतात, मला कळतं. त्यातलेच काही पुढे विचारतात, "महाराष्ट्रातलं नाही का मिळालं?" जणू मंडईत हापूस संपला म्हणून तोतापुरी घेऊन आलो. एका मावशीने तर "कोणातली असेल?" असंही विचारलं, आवाज खाली करून. मी म्हटलं, "माणसातली." मावशी दोन आठवडे बोलली नाही.

पण त्या नशिबाचं बघू. चिमीचा पलंग खिडकीपासून तिसरा आहे. शेजारच्या पलंगावर एक मुलगी आहे, व्हिडिओ कॉलला ती कायम चिमीच्या खांद्यावरून डोकावते, आणि चिमी बोलताना तिचा फ्रॉक मुठीत धरून असते. दुपारी गजराचा आवाज येतो, मग मुलं रांगेत जेवायला जातात. भात, डालमा (भाज्या घातलेलं वरण), कधी अंडं. रात्री मा येते. ही साडेतीन वर्षांच्या माणसाची अख्खी दुनिया आहे, आणि आम्ही दोन अनोळखी माणसं जाऊन तिला त्यातून उचलणार, पंधरा तासांच्या विमानात बसवणार आणि थंडीत आणून सोडणार, जिथे तिची भाषा बोलणारं घरात कुणी नाही. कुणी माझं असं काही केलं असतं तर मी पोलिसांत गेले असते.

म्हणून आमची तयारी आता उलटी चालू आहे. खोली वगैरे होईल. तिला आमची थोडी ओळख आधीच कशी पोचवायची, आणि तिचं तिथलं काय काय इथे आणता येईल, एवढंच डोक्यात असतं.

अल्बम पाठवला. पहिल्या पानावर आम्ही दोघं, चष्म्यासकट, मेकअपशिवाय. मग घराचं दार बाहेरून, मग आतून, चपला काढायची जागा, स्वयंपाकघर, संडास (हो, संडासही, कमोड बघून घाबरायला नको), पलंग. प्रत्येक फोटोखाली माउसींनी ओडियात एक ओळ लिहून दिली. सगळी पानं लॅमिनेट केली, कारण अल्बम एकटीकडे राहणार नाही हे आम्हाला माहीत होतं. तसंच झालं. आता संस्थेतली निम्मी मुलं आमचं स्वयंपाकघर ओळखतात, आणि एका मुलाने नवऱ्याला कॉलवर बघून "बापा!" अशी आरोळी ठोकली. चिमीने नाही. चिमी बघत होती.

अल्बमबरोबर एक चादरही पाठवली होती. आम्ही दोघं आठवडाभर तीच पांघरून झोपलो, न धुता घडी घातली, पिशवी घट्ट बांधली. घराचा वास तिच्यापर्यंत आधी पोचावा म्हणून. पुढच्या कॉलला दिवसपाळीच्या बाईंनी ती दोरीवर वाळत घातलेली अभिमानाने दाखवली. लांबून आलेली वस्तू, स्वच्छ धुऊन, निळीत काढून ठेवली होती. मी "खूप छान" म्हटलं. फोन ठेवल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

सासूबाईंची गोधडी तयार आहे, पाच लुगड्यांची. त्यांना त्यात चिमीचं काहीतरी हवं होतं, जुना फ्रॉक, निदान उशीचा अभ्रा. मी संस्थेत विचारलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, इथे कपडे असे एकेकाचे नसतात, धुऊन आले की ज्याला बसेल त्याला. मला हे माहीत असायला हवं होतं. साडेतीन वर्षांत तिच्या मालकीचं असं पहिलं काय आलं, तर आमचा लॅमिनेट केलेला अल्बम, आणि तोही वाटून घेतलेला. सासूबाईंना सांगितलं तर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग नवीन कापड नको लावू देत. तुमचा दोघांचा एकेक सदरा द्या, तो लावते."

त्यांनाच मी 'आई'चा घोळ सांगितला. मी त्यांनाही आईच म्हणते. त्या जराही हसल्या नाहीत. "त्यात काय? मला म्हणू दे आई. सगळं गाव म्हणतं. तुला काय म्हणायचं ते तिचं तिला ठरवू दे." माउसींचं म्हणणं की बापाच्या आईला जेजेमा म्हणतात, आई नाही, पण सासूबाईंपुढे व्याकरण कोण काढणार.

माउसी म्हणजे लॅबमधल्या माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई, कटकच्या, सत्तरीच्या. दर रविवारी सकाळी त्या मला शिकवतात आणि मी त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी नेते. आमचं आपसात हिंदी, दोघींचंही मोडकं. पहिला धडा भुकेचा होता. भूक म्हणजे भोक, आणि शेवटचा अ गिळायचा नाही, पूर्ण म्हणायचा, ओकडे झुकलेला. 'भोक लागुछि', भूक लागली आहे. मराठी माणसाने हे गंभीर चेहऱ्याने म्हणून दाखवावं. तहान म्हणजे शोष, आणि इथे मी एकदम हलले, कारण आमची आजी उन्हातून आली की म्हणायची, "घशाला शोष पडला गं, पाणी दे." आंघोळीचा शब्द गाधोइबा. तो ऐकल्यापासून नवरा रोज सकाळी टॉवेल घेऊन जाताना मला गाढव म्हणून जातो. चंद्र मात्र त्यांच्याकडेही मामाच आहे, जह्नमामू.

ही वही किती दिवस उपयोगी पडेल? एजन्सीतल्या बाई म्हणतात काळजी करू नका, या वयाची मुलं सहा महिन्यांत इंग्रजी उचलतात. त्यांना ही चांगली बातमी वाटते. उचलतात तशी जुनी टाकूनही देतात, हे त्या सांगत नाहीत, प्रशिक्षणातल्या बाईंनी सांगितलं होतं. माउसींना विचारलं, आम्ही परत आलो की दर रविवारी तिला तुमच्याशी बोलायला घेऊन येऊ का? माउसी म्हणाल्या, येऊ का काय विचारतेस, आणि खिचडी विसरू नकोस.

मंडळातल्या मैत्रिणींनी विमानतळावर फुगे आणि साठ माणसांचं स्वागत ठरवलं होतं. नको म्हणून सांगावं लागलं. पहिले काही आठवडे तिला भरवणं, उचलणं, झोपवणं फक्त आम्ही दोघांनी करायचं, बाकीच्यांनी लांबूनच हात हलवायचा. जिने आयुष्यभर येईल त्या बाईच्या कडेवर जायचं शिकलंय तिला आपलं माणूस कोण ते कळायला वेळ लागतो. हे आपल्या लोकांना समजावणं म्हणजे वयाची बेरीज ८६ वरून ८५ करण्याइतकं अवघड आहे. "आम्ही काय खाणार आहोत का तिला?" एक जण खरंच रुसली आहे. बाळलेण्यांचा डबा तिने तरीही दारात ठेवून दिला.

स्वयंपाकघरात चिमीच्या उंचीवर एक टोपली ठेवली आहे. केळी, बिस्किटं, चुरमुरे. कधीही घे, विचारू नको. संस्थेतून आलेली काही मुलं उशीखाली पोळी लपवतात, उद्या मिळेल याची खात्री नसते म्हणून. टोपली कधीच रिकामी दिसू द्यायची नाही, हा घरातला नवा नियम, आणि सध्या तो नवरा मोडतो.

सरकारी गाडा आता शेवटच्या चढावर आहे. अमेरिकेच्या दूतावासाचं पत्र गेलं, भारताचं ना-हरकत प्रमाणपत्र आलं. पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. पूर्वी हे कोर्टात व्हायचं, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. मग जन्मदाखला, ज्यावर आई म्हणून माझं नाव असेल, संपूर्ण. मग पासपोर्ट आणि दिल्लीत व्हिसा. त्या व्हिसावर चिमी अमेरिकेत उतरली की तिथेच नागरिक होते, सतरा वर्षं राहिलेल्या माझ्या आधी. त्यानंतर दोन वर्षं सोशल वर्कर बाई येत राहणार, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. पाण्याचं तापमान मी ११८ वर ठेवलंय.

तिकिटं पुढच्या महिन्याची आहेत. नेवार्क, दिल्ली, भुवनेश्वर.

परवाच्या कॉलला दिवसपाळीच्या बाईंनी चिमीला मांडीवर घेतलं होतं. तिच्या हातात सोललेलं केळं. मी नेहमीसारखी वही पुढ्यात ठेवून बसले होते, भोक, शोष, निद, सगळं पाठ. बाई तिला गोड आवाजात म्हणाल्या, विमानात बसून यांच्याबरोबर जाशील ना? एवढं मला कळलं. चिमीने स्क्रीनकडे बघितलं, माझ्या केसांकडे की डोळ्यांकडे माहीत नाही. मग अगदी स्पष्ट म्हणाली, "मुँ जिबि नाहीं."

बाई गडबडल्या, हसून काहीतरी दुसरंच हिंदीत सांगायला लागल्या. पण मला कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती. सहा महिन्यांत माउसींच्या मदतीशिवाय मला पूर्ण कळलेलं हे तिचं पहिलं वाक्य. मी नाही जाणार.

वहीत याला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "ठिक अछि."

तिने मान हलवली आणि केळं खायला लागली. शेजारची मुलगी खांद्यावरून डोकावली तेव्हा अर्धं मोडून तिला दिलं.